बारावीनंतर कॉलेज निवडताना: नागपुरातली बदलती पसंती आणि कटऑफ वाचायची रीत

नागपूर आणि विदर्भातले विद्यार्थी व पालक दर उन्हाळ्यात जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. भर इंजिनिअरिंगवर आहे, कारण पसंतीची सगळ्यात मोठी उलथापालथ तिथे होते आणि तिची नोंद जाहीरपणे पाहायला मिळते. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. जिथे वर्ष दिलं आहे तिथे तो नियम त्या वर्षाचा समजा आणि यंदाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहा.

यंदा कोणतं कॉलेज "वर" आहे, हे कशावरून ठरवायचं?

लोकांच्या बोलण्यावरून तर नक्कीच ठरवू नका. पसंतीचा एकच जाहीर पुरावा असतो, तो म्हणजे कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचा कटऑफ. पण त्यातून काय कळतं हे नीट समजून घ्या. त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात सगळ्यात शेवटी ज्याला जागा मिळाली त्याचा क्रमांक म्हणजे कटऑफ. शिकवणं कसं आहे, प्रयोगशाळा कशा आहेत, यातलं काहीही त्यात नसतं. गेल्या वर्षीच्या मुलांनी फॉर्ममध्ये काय वर लिहिलं, इतकंच ते सांगतं.

आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी कशावरून लिहिलं? बहुतेकांनी त्याच्याही आदल्या वर्षीचा कटऑफ पाहून. त्यामुळे एखादं कॉलेज वर जायला लागलं की काही वर्षं वर जातच राहतं, तिथे नवं काही घडलेलं असो वा नसो. घसरणीचंही तसंच.

कटऑफच्या पीडीएफमध्ये इतकी अक्षरं असतात. एक चौकोन नेमका कसा वाचायचा?

प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात. वरचा राज्य गुणवत्ता क्रमांक, म्हणजे मेरिट नंबर, आणि खाली कंसात पर्सेंटाइल. रकान्याच्या डोक्यावर "जीओपनएच" असं काहीतरी असतं. त्याचे तीन तुकडे करा.

पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, एससी, एसटी, व्हीजे, एनटीचे तीन गट, ओबीसी, एसईबीसी. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे त्या भागातल्या विद्यापीठाच्या मुलांसाठीच्या जागा, ओ म्हणजे राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या क्षेत्रातल्या मुलांसाठीच्या, आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि टीएफडब्ल्यूएस (शिकवणी शुल्क माफ असलेल्या जागा) यांचे रकाने वेगळे.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या अक्षरात होतो. नागपूरचा मुलगा ओ चा रकाना पाहून नाराज होतो किंवा उगाच खूश होतो, कारण त्याला लागू असलेला रकाना वेगळाच असतो. आधी आपलं अक्षर ठरवा, मग आकडे पाहा.

आणखी एक. ज्या रकान्यात एक-दोनच जागा असतात तिथला कटऑफ दरवर्षी उड्या मारतो. ६० जागांच्या शाखेत टीएफडब्ल्यूएसच्या जागा ५ टक्के, म्हणजे तीन. तिघांपैकी एकाने शेवटच्या क्षणी जेईईवरून दुसरीकडे प्रवेश घेतला तरी आकडा बराच खाली येतो. त्यावरून कल काढायचा नाही. कल काढायचा तो भरपूर जागा असलेल्या रकान्यावरून, आणि किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून.

पर्सेंटाइल पाहायचा की मेरिट नंबर?

मेरिट नंबर. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यापेक्षा कमी किंवा तुमच्याइतके गुण मिळवलेल्यांचं शेकडा प्रमाण. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा अर्थ बदलतो. समजा एका वर्षी पीसीएम गटात ३ लाख मुलं बसली. ९५ पर्सेंटाइलच्या मुलाच्या पुढे साधारण १५ हजार मुलं असतील. पुढच्या वर्षी ४ लाख बसली, तर तोच ९५ पर्सेंटाइल, पण पुढे २० हजार. जागा तेवढ्याच असतील तर ज्या कॉलेजात आदल्या वर्षी ९५ ला दार उघडलं ते या वर्षी बंद. त्यावर कुणी म्हणतं कॉलेजची मागणी वाढली. वाढलेली असते ती गर्दी.

प्रत्यक्ष मेरिट नंबर या अंदाजापेक्षा लहान येतो, कारण गुणवत्ता यादीत परीक्षेला बसलेले सगळे नसतात. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी पूर्ण केलेलेच असतात. म्हणून सीईटीचा निकाल लागल्यापासून गुणवत्ता यादी येईपर्यंतच्या काळात पर्सेंटाइलवरून फार गणितं मांडू नका. अंतिम यादीतला नंबर हाती आला की गेल्या तीन वर्षांच्या कटऑफमधल्या नंबरांशी तो ताडून पाहा.

कटऑफ घसरला म्हणजे कॉलेज घसरलं ना?

बऱ्याचदा नाही. आधी जागा वाढल्या का ते पाहा. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादा काढली, आणि त्यानंतर कॉम्प्युटरच्या जागा राज्यभर वाढल्या. समजा एका शाखेत ६० जागा होत्या आणि शेवटचा मेरिट नंबर १४,००० होता. आता १२० जागा झाल्या आणि शेवटचा नंबर १९,००० आला. कटऑफ पाच हजारांनी खाली गेला, पण पहिले ६० कोण हे कुणी पाहिलंच नाही.

ते पाहता येतं. प्रत्येक फेरीनंतर सीईटी कक्ष संस्थानिहाय वाटप यादी जाहीर करतो. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा मेरिट नंबर आणि जागेचा प्रकार असतो. तुमच्या प्रकारच्या जागा मेरिट नंबरनुसार लावा. आदल्या वर्षी त्या प्रकारात जेवढ्या जागा होत्या तेवढे मोजा आणि तिथे कुठला नंबर बसला आहे ते पाहा. तो १४,००० च्या आसपास असेल तर पसंती जागच्या जागी आहे. १७,००० असेल तर खरंच घसरण आहे. या कामाला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात तुम्हाला अनेक सशुल्क समुपदेशकांपेक्षा पक्की माहिती मिळते.

जागा दुप्पट झाल्या तर शिक्षक आणि लॅब दुप्पट झाल्या का, हा मात्र वेगळा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. कॉलेजात जाऊन विचारा: प्रात्यक्षिकाच्या एका बॅचला किती मुलं असतात, कायम शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती. विभागप्रमुखांना विचारा, प्रवेश कक्षातल्या माणसाला नको.

गेल्या दहाएक वर्षांत नागपुरात पसंती बदलण्याची मोठी कारणं कोणती?

पहिलं कारण, नव्या सरकारी संस्था. १९६० पासूनची व्हीएनआयटी (केंद्राची एनआयटी) आणि १९४२ ची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) ही जुनी नावं. २०१६ मध्ये ट्रिपल आयटी नागपूर आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही सुरू झाली. सरकारी नाव आणि नागपुरातली जागा हे दोन्ही एकत्र मिळायला लागल्यावर वरच्या क्रमांकांतली काही मुलं खासगी कॉलेजांकडून तिकडे वळणं स्वाभाविक होतं. ट्रिपल आयटी बुटीबोरीजवळ वारंग्याला आहे, रोज ये-जा करण्यासारखी नाही. शासकीय अभियांत्रिकी खापरीच्या बाजूला आहे.

दुसरं, दर्जा बदलणं. एलआयटी २०२३ मध्ये विद्यापीठ झाली, रामदेवबाबा २०२४ मध्ये. दोन्ही विद्यापीठं, पण जात वेगळी: एलआयटी सार्वजनिक, रामदेवबाबा खासगी. पालक दोघांना "विद्यापीठ झालं" एवढ्याच एका वाक्यात बसवतात आणि तिथेच चूक होते, कारण फी, सवलती आणि प्रवेशाचा मार्ग या तिन्हींवर या फरकाचा परिणाम होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तिसरं, शाखांची नावं. चौथं, सिम्बायोसिससारख्या बाहेरच्या नावांचं नागपुरात येणं. वाठोड्याचा त्यांचा परिसर २०१९ पासून सुरू आहे. पाचवं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही: ये-जा. मेट्रोची एक मार्गिका खापरीपर्यंत आणि दुसरी हिंगणा रोडवर लोकमान्य नगरपर्यंत गेली, त्यामुळे पूर्व नागपुरातल्या मुलांना हिंगण्याकडची कॉलेजं जवळ आली. वायसीसीई मात्र वानाडोंगरीला, लोकमान्य नगरच्याही पुढे आहे. शेवटच्या टप्प्याची सोय आधी एकदा स्वतः जाऊन पाहा, आणि ती सकाळच्या वेळी पाहा.

कॉम्प्युटर, आयटी, एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी: यातलं काय वर लिहू?

पहिल्या वर्षाचे बहुतेक विषय या सगळ्यांत सारखे असतात, आणि डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, नेटवर्क हा पुढचा कणाही. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या काही विषयांचा. दोन शाखांचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून पाचवं आणि सहावं सत्र शेजारी ठेवा. दोन-तीनच विषय वेगळे निघाले तर नावासाठी कॉलेज खाली आणू नका.

नव्या शाखेबाबत एक गोष्ट तपासाच. एनबीएचं मूल्यांकन शाखेनुसार होतं, नॅकचं पूर्ण संस्थेचं. शाखेच्या दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय ती एनबीएकडे जाऊ शकत नाही. म्हणजे "आमच्या कॉलेजला एनबीए आहे" हे वाक्य तुम्हाला हव्या असलेल्या शाखेला लागू असेलच असं नाही. त्या शाखेचं नाव आणि मुदतीची तारीख असलेलं पत्र मागा.

मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल संपलंच का?

नाही. पसंती खाली आहे, एवढंच. त्यातून एक संधी निघते: कॉम्प्युटरला ज्या मेरिट नंबरवर मधलं कॉलेज मिळतं, त्याच नंबरवर कोअर शाखेला बरंच वरचं कॉलेज मिळतं. वरच्या कॉलेजात चांगले शिक्षक, चांगला वर्ग आणि अनेकदा सगळ्या शाखांना खुल्या असलेल्या मुलाखती मिळतात.

नागपूरपुरतं बोलायचं तर इथे वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलची मुख्यालयं आहेत, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत. व्हीएनआयटीतली खाण अभियांत्रिकी आणि एलआयटीतलं केमिकल यांना कटऑफच्या यादीतल्या जागेपेक्षा जास्त वजन द्यायला हवं असं आमचं ठाम मत आहे. पण ज्याला विषय मुळातच आवडत नाही त्याने केवळ कॉलेजच्या नावासाठी कोअर घेऊ नये. अशी मुलं दुसऱ्या वर्षापासून वर्गात नसतात.

खासगी विद्यापीठ की कॅपमधलं स्वायत्त कॉलेज? फीमध्ये खरा फरक किती?

जाहीर झालेली फी पाहून उत्तर मिळत नाही. तुमच्या घरातून प्रत्यक्ष किती जाणार ते काढा.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना शिकवणी शुल्काच्या ५० टक्के परतावा मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरीय म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर लाभ नाही. आणि मुलींच्या योजनेतून खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत.

एकाच मुलीला शेजारच्या दोन संस्था मिळत असतील, एक कॅपमधलं स्वायत्त कॉलेज आणि दुसरं खासगी विद्यापीठ, तर चार वर्षांत लाखोंचा फरक पडतो. खासगी विद्यापीठात जाऊ नका असं म्हणणं नाही. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, निकाल वेळेवर लागतात, हे फायदे खरे आहेत. पण तिथले प्रवेश साधारणपणे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रक्रियेने होतात आणि तारखा कॅपच्या आधी येतात. पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: जागा कोणत्या मार्गाने भरतात, महाडीबीटीवरच्या (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) कोणत्या योजना लागू आहेत, पुढच्या तीन वर्षांची फी आजच ठरली आहे का.

टीएफडब्ल्यूएसबद्दल एक तांत्रिक गोष्ट. ही जागा फॉर्ममध्ये आपोआप मिळत नाही. तिचा पर्याय वेगळा असतो आणि कोडच्या शेवटी टी असतो. तो वेगळा भरावा लागतो, आणि नेहमीच्या पर्यायाच्या वर. फक्त शिकवणी शुल्क माफ होतं, आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

मुलगा राजस्थानात कोटा शहरात शिकायला आहे आणि बारावी तिथूनच देणार आहे. व्हीएनआयटीत काही अडचण येईल का?

येईल, आणि हे दरवर्षी कुणाला तरी उशिरा कळतं. व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, पण जोसामध्ये (आयआयटी-एनआयटींची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) "महाराष्ट्राचा" हे अधिवासावर ठरत नाही. बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली ते राज्य धरतात. राजस्थानातून बारावी झाली की नागपूरचा मुलगा व्हीएनआयटीसाठी बाहेरचा, आणि त्याचं गृहराज्याचं एनआयटी जयपूरचं. कॅपमध्ये अधिवास प्रमाणपत्रावर तो वेगळ्या प्रकारातून पात्र ठरू शकतो. व्हीएनआयटीत मात्र ती वाट नाही. उलट छिंदवाडा-बालाघाटकडून येऊन नागपुरात बारावी केलेली मुलं तिथे महाराष्ट्राची धरली जातात. अकरावीत प्रवेश घेतानाच याचा विचार करा.

ट्रिपल आयटी नागपूरच्या जागा अखिल भारतीय आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

आम्ही चंद्रपूरचे. नागपूरच्या कॉलेजांत आमची गणना कशी होते?

चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात आहेत. बारावी चंद्रपुरातून केली असेल तर तुमचं गृहविद्यापीठ गोंडवाना, आणि नागपूरच्या ज्या कॉलेजांत एच-ओ अशी विभागणी आहे तिथे तुम्हाला ओ चा रकाना पाहायचा. वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विद्यापीठाखालीच आहेत, अमरावती विभागाचं विद्यापीठ वेगळं. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असतील तर गृहविद्यापीठ बारावीच्या ठिकाणावरून ठरतं. घर चंद्रपूरला असलं तरी बारावी नागपुरात झाली असेल तर तुम्ही नागपूरचे.

ऑप्शन फॉर्मचा क्रम कसा लावायचा? मोठी नावं वर लिहिली तर मिळणारी जागा हातची जाते का?

जात नाही. संगणक मेरिटनुसार एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याचे पर्याय वरून खाली पाहत जातो. पहिला नाही मिळाला तर दुसरा. वर लिहिलेल्या न मिळणाऱ्या पर्यायामुळे खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही.

पण २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या आणि जागा आपोआप गोठवण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी, तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही. त्यामुळे वरचे सहा पर्याय असे हवेत की मिळाले तर तुम्ही तक्रार न करता जाल. नातेवाईकांना दाखवायला लिहिलेलं नाव तिथे नको.

कृती अशी करा. कागदावर कॉलेज-शाखा अशा जोड्या लिहा, कटऑफ न पाहता फक्त आवडीच्या क्रमाने. मग शेजारी तीन वर्षांचे मेरिट नंबर भरा. ज्यांचे नंबर तुमच्यापेक्षा बरेच वरचे आहेत असे काही, जवळपासचे भरपूर, आणि खात्रीचे किमान आठ-दहा, असं मिश्रण आहे का बघा. नसेल तर जोड्या वाढवा. आवडीचा क्रम मात्र हलवू नका. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे कटऑफच्या उतरत्या क्रमाने फॉर्म भरणं. त्यात दुसऱ्यांची पसंती तुमच्या नावावर चढते.

प्लेसमेंटचे आकडे किती खरे मानायचे?

सर्वोच्च पॅकेज सोडून द्या, ते एका मुलाचं असतं. सरासरीही एक-दोन मोठ्या आकड्यांनी फुगते. मध्यक मागा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्या वर मिळालं तो आकडा. "पात्र विद्यार्थ्यांपैकी ९० टक्के" असं लिहिलं असेल तर पात्र किती होते ते विचारा, कारण बॅकलॉग असलेले आणि कमी सीजीपीएचे त्यातून आधीच वगळलेले असतात.

एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीत, भाग घेणाऱ्या संस्थांनी दिलेली माहिती जाहीर असते आणि संस्थेच्या संकेतस्थळावरही ठेवलेली असते. त्यात प्रवेश घेतलेले, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी मिळालेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक वेतन असे रकाने असतात. नोकरी मिळालेल्यांना उत्तीर्णांनी नव्हे, प्रवेश घेतलेल्यांनी भागा. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान निघेल आणि तोच तुमच्या कामाचा आहे. मात्र ही माहिती पूर्ण संस्थेची असते, शाखेची नव्हे.

शिवाय २०२५ ला बाहेर पडलेली तुकडी २०२१ ला आत आली होती. तिची नोकरी पाहून तुम्ही जी शाखा निवडता तिचा निकाल तुम्हाला आणखी चार वर्षांनी कळणार. बाजार गरम असताना गर्दी होते आणि ती गर्दी एकदम बाहेर पडते.

पुण्याला पाठवावं का?

पुण्याची वरची तीन-चार कॉलेजं मिळत असतील तर जरूर. मधल्या फळीतलं पुण्याचं कॉलेज आणि नागपूरचं चांगलं स्वायत्त कॉलेज यांत निवडायचं असेल तर खोली, मेस, प्रवास यांचा दहा महिन्यांचा खर्च काढा, त्याला चारने गुणा आणि मग ठरवा. शहरात कंपन्या आहेत म्हणून कॉलेजात येतातच असं नाही.

बीसीए, बीबीएची मागणी अचानक खाली-वर का झाली?

हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. अनेक मुलांना परीक्षा द्यायची असते हेच वेळेत कळलं नाही, जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या. काही कॉलेजांनी मिळतेजुळते अभ्यासक्रम वेगळ्या नावाने, सीईटीच्या बाहेर सुरू केले. बीकॉम किंवा बीएस्सीच्या पुढे कंसात काही लिहिलेलं दिसलं तर पदवीवर नेमकं कोणतं नाव छापलं जाईल ते विचारा. पुढे एमसीए करायचं असेल तर पात्रतेत गणित लागतं का, हेही.

अकरावीतच "टाय-अप" कॉलेज घ्यावं का?

शहरातल्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या वर्गांतून मुलं शिकवणी वर्गांशी जोडलेल्या, बऱ्याचदा शहराबाहेरच्या कॉलेजांकडे वळली, हा नागपुरातला खूप मोठा बदल आहे. वेळ वाचतो हे खरं. पण प्रात्यक्षिकं होतात का, हजेरी कुठे लागते, तपासणी आली तर काय होतं, हे प्रवेशाआधी विचारा. ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर सगळ्यांना आहे. बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला पहिल्यांदा ब्युरेट हातात घेणारी मुलं तिथे गडबडतात.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. दहा पसंती देता येतात. पहिली पसंती मिळाली आणि घेतली नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता, म्हणून पहिल्या क्रमांकावर विचार करूनच लिहा.

मेडिकल आणि लॉचं थोडक्यात?

मेडिकलमध्ये "मेडिकल" (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि "मेयो" (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) या दोन जुन्या नावांत २०१८ पासून एम्सची भर पडली. एम्सच्या जागा पूर्णपणे अखिल भारतीय समुपदेशनातून भरतात, राज्य कोटा नाही. मेडिकल-मेयोत ८५ टक्के राज्याचा. विदर्भाच्या मुलांसाठीचा ७०:३० प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला, त्यामुळे त्याआधीचे कटऑफ तुलनेला घेऊ नका. लॉसाठी वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅट या राष्ट्रीय परीक्षेवर, तर विद्यापीठाचं विधी महाविद्यालय राज्याच्या सीईटीवर. अर्ज दोन्हीकडे स्वतंत्र.

कोणत्या कागदांमुळे जागा जाते?

सगळ्यात जास्त नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता. नॉन-क्रीमिलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करा, बारावीनंतर गर्दी असते. जोसा आणि कॅपचे नमुने वेगळे आहेत: केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, राज्याचं वेगळं. सेतू केंद्रात अर्ज करतानाच दोन्ही मागा. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्राकडे नाही. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आहे का तेही पाहा.

एका ठिकाणी फी भरली, नंतर दुसरीकडे मिळालं. पैसे परत मिळतात का?

कॅपमधला प्रवेश ठरवून दिलेल्या अंतिम तारखेआधी ऑनलाइन रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली तर मिळत नाही. कॉलेजला तोंडी सांगणं म्हणजे रद्द करणं नव्हे. स्वतःच्या लॉगिनमधून अर्ज करा, त्याची प्रत काढा आणि कॉलेजात देऊन पोच घ्या. जोसाच्या फेऱ्या आधी संपतात, पण त्यानंतरच्या सीसॅबच्या (एनआयटी-ट्रिपल आयटीतल्या उरलेल्या जागांच्या) विशेष फेऱ्या कॅपच्या तारखांवर येऊ शकतात. दोन्ही वेळापत्रकं एका कागदावर उतरवून भिंतीला लावा आणि रद्द करण्याच्या तारखेला लाल खूण करा. मूळ कागदपत्रं कॉलेजला स्वतःकडे अडवून ठेवता येत नाहीत. पडताळणीसाठी दिली तर त्याच दिवशी परत मागा.